राखणदार

गेल्या जुलैत आमच्याकडे टोरांटोहून पाहुणे आले होते. पाहुणे म्हणजे आमचाच एक जुना विद्यार्थी, त्याची पत्नी आणि बारा वर्षांचा मुलगा. तिकडच्या शाळांना उन्हाळ्याची सुटी आणि इकडे मालवणात धुवाधार पाऊस, त्यामुळे चार दिवस सगळे घरातच अडकले. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एकाच घरात राहतो. साहजिकच पाहुण्यांशी बोलण्याचे आमचे विषय दोन दिवसांत संपले. मग त्या मुलाने आमचा ताबा घेतला. त्याला बर्फावरच्या हॉकीचे विलक्षण वेड. ओटीवर बसून त्याने आम्हांला फोनवर जुन्या सामन्यांचे तुकडे दाखवायला सुरुवात केली.

बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि आत पांढऱ्याशुभ्र बर्फावरून माणसे अफाट वेगाने घसरत होती. त्यातल्या एका तुकड्यात खेळ अचानक थांबला. दोन खेळाडूंनी हातमोजे काढून फेकले, एकमेकांच्या अंगातले सदरे पकडले आणि ठोसे लगावायला सुरुवात केली. पंच आसपास होते. पण ते मध्ये पडले नाहीत. दोघांपैकी एक खाली कोसळल्यावर मात्र ते धावले. प्रेक्षागृह उभे राहून ओरडत होते. मग दोघेही रक्त पुसत आपापल्या पिंजऱ्यात पाच-पाच मिनिटे बसायला गेले, आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

आम्ही विचारले, "अरे, पण ह्यांना काढून नाही टाकत?"

"पाच मिनिटं बसवतात ना."

"आणि हा जो तुमचा सगळ्यांत मोठा खेळाडू, तोही असा मारामाऱ्या करतो?"

मुलगा आमच्या अज्ञानावर हसला. म्हणाला, "त्याला कशाला भांडावं लागतंय? त्याच्यासाठी भांडायला वेगळा माणूस असतो ना!"

पाहुणे गेले, पाऊसही ओसरला. पण हे वाक्य काही आमच्या ओटीवरून हलेना. त्याचे कारण आम्हां दोघांनाही ठाऊक होते. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही सही केलेला एक कागद आमच्या दोघांच्याही मनात एकाच वेळी उलगडला होता. त्या कागदाकडे यायला थोडा वळसा घ्यावा लागेल. वाचकांनी तेवढी सवलत द्यावी.

त्या वेगळ्या माणसाला तिकडे 'एन्फोर्सर' म्हणतात. नियमपुस्तकात असे पद नाही, पण अनेक दशके प्रत्येक संघात हा माणूस असे. प्रतिपक्षाने आपल्या ताऱ्याला आडवेतिडवे पाडले, तर पाडणाऱ्याला गाठून हिशेब चुकता करणे हे त्याचे काम. गोल करणे ही त्याच्याकडून अपेक्षाच नसे. ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना आम्हांला फार लांब जावे लागले नाही. कोकणात प्रत्येक गावाला, वाडीला, माडाच्या बागेला एक राखणदार असतो. तो दिसत नाही. पण सीमेवर उभा असतो. आपण झोपतो, तो जागतो. 'एन्फोर्सर'ला आम्ही राखणदार म्हणू लागलो.

वेन ग्रेट्झ्की हा ह्या खेळातला सर्वश्रेष्ठ मानला जाणारा खेळाडू. अंगाने बेताचा. एडमंटनच्या संघात असताना डेव्ह सेमेंको आणि मार्टी मॅक्सोर्ली हे त्याचे राखणदार होते. १९८८ साली एडमंटनने ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिसच्या संघाला विकले, तेव्हा त्या सौद्यात मॅक्सोर्लीही सोबत गेला. राजा नव्या राज्यात जाताना अंगरक्षक घेऊन गेला म्हणा ना. १९९९ साली ग्रेट्झ्की निवृत्त झाला आणि त्याचा ९९ हा क्रमांक त्या लीगमधल्या कोणत्याही संघाने ह्यापुढे कोणालाही देऊ नये असे ठरले. त्यानंतर वर्षही पुरते उलटले नव्हते. फेब्रुवारी २००० मध्ये बोस्टनकडून खेळणाऱ्या मॅक्सोर्लीने व्हँकुव्हरच्या डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यावर मागून काठी मारली. ब्रॅशियरही राखणदारच. ब्रॅशियर बर्फावर आपटला, मॅक्सोर्लीवर फौजदारी खटला झाला, न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि त्या लीगमध्ये तो पुन्हा कधी खेळला नाही. त्याच्या कृत्याचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. पण ज्या हातांना इतकी वर्षे मारण्याचाच पगार मिळाला, ते हात एके दिवशी कोणत्या रेषेपाशी थांबायचे हे विसरले, ह्याचे आश्चर्य वाटायला नको.

डेरेक बूगार्डची कथा ह्याहून करुण. २७७ सामन्यांत त्याच्या नावावर तीन गोल आहेत. तीनच. बाकी सारे आयुष्य ठोसे देण्यात आणि घेण्यात गेले. २०११ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, वेदनाशामक गोळ्या आणि मद्य ह्यांच्या मिश्रणाने तो गेला. मरणोत्तर तपासणीत, वारंवार बसलेल्या मारांशी ज्याचा संबंध जोडला जातो तो मेंदूचा विकार त्याला असल्याचे आढळले. अलीकडे त्या खेळातल्या मारामाऱ्या पुष्कळ कमी झाल्या आहेत, आणि निव्वळ राखणदारीसाठी खेळाडू बाळगण्याची पद्धतही मावळत गेली आहे.

आपल्याकडे हे नाही, असे म्हणून सुटका करून घेण्याचा मोह आम्हांलाही झाला. पण आम्ही महाभारत शिकवतो. द्रोणपर्वातल्या चौदाव्या दिवसाच्या रात्रीचे युद्ध आठवावे. कवचकुंडले देऊन मिळवलेली इंद्राची शक्ती कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवली आहे, आणि ती एकदाच वापरता येणार आहे. त्या रात्री कृष्ण कर्णासमोर अर्जुनाला जाऊ देत नाही, घटोत्कचाला पाठवतो. हिडिंबेचा हा मुलगा रानात वाढलेला. राजवाड्यातल्या सुखाचा वाटेकरी कधीच नव्हता. त्याने कौरवसेनेची इतकी दाणादाण उडवली की कर्णाला ती शक्ती त्याच्यावर सोडावी लागली. पांडवांच्या गोटात शोक सुरू झाला आणि कृष्ण मात्र आनंदाने सिंहनाद करू लागला, अर्जुनाला आलिंगन देऊ लागला. अर्जुन गोंधळला, तेव्हा कृष्णाने हिशेब उलगडून सांगितला. एवढ्यावर न थांबता तो असेही सांगतो की एकलव्याचा अंगठा द्रोणांनी घेतला तोही तुझ्याच हितासाठी, आणि कर्णाने ह्या घटोत्कचाला मारले नसते, तर कधीतरी मलाच मारावे लागले असते. वर्गात हा भाग शिकवताना शेवटच्या ह्या वाक्यापाशी आमचा आवाज दर वर्षी खाली येतो. राखणदाराचा उपयोग संपल्यावर तो स्वतःच एक अडचण असतो, हे महाभारतकारांनी किती निर्विकारपणे लिहून ठेवले आहे!

आमच्या दशावतारात बरे असते. राजपार्टाच्या तलवारीने खाली पडलेला राक्षस निदान रंगपटात जाऊन चहा पितो, आणि पहाटे राजाच्याच गाडीत बसून पुढच्या जत्रेला जातो. मैदानात पडलेल्यांना अशी सोय नसते.

आता आमच्या पिढीची एक आठवण. नोव्हेंबर २००१. आम्ही तेव्हा एम.ए.चे विद्यार्थी होतो. पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत सामनाधिकारी माइक डेनेस ह्यांनी सहा भारतीय खेळाडूंना शिक्षा केली. सचिन तेंडुलकरवर चेंडूच्या शिवणीतली माती पंचांना न सांगता काढल्याचा ठपका होता. देश पेटला. संसदेत गदारोळ झाला, डेनेस ह्यांचे पुतळे जळाले. आमच्या वसतिगृहातही निषेधाचा फलक लागला. त्यावरचा मजकूर आमच्यातल्या एकाचा होता आणि त्यातले शुद्धलेखन दुसऱ्याने तपासले होते. पुढची सेंच्युरियनची कसोटी भारतीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या मंडळांनी डेनेस ह्यांना बाजूला करून खेळवली आणि आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला कसोटीचा दर्जाच नाकारला.

ह्या सगळ्या कल्लोळात एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. ती पुष्कळ वर्षांनी आली. सचिनची एका कसोटीची बंदी स्थगित होती. कर्णधार गांगुलीची बंदीही स्थगित, हरभजन, शिवसुंदर दास आणि दीप दासगुप्ता ह्यांचीही स्थगित. सहा जणांपैकी प्रत्यक्ष बंदी एकालाच होती : वीरेंद्र सेहवागला. त्याची ती दुसरीच कसोटी. पहिल्या कसोटीत त्याने शतक काढले होते, पण देशाला अजून त्याची सवय व्हायची होती. सेंच्युरियनचा सामना धरलाच न गेल्यामुळे ती बंदी मोहालीत इंग्लंडविरुद्ध भोगायची पाळी आली. बरीच ओढाताण झाली आणि अखेर सेहवाग त्या कसोटीत खेळला नाही. सचिन खेळला. आम्ही रेडिओ लावून सामना ऐकला, आणि आपण न्याय मिळवला अशा समाधानात असलेल्या आम्हां निषेधकर्त्यांपैकी कोणीही अकरा जणांत कोण नाही हे मोजले नाही.

सचिनने काही गैर केले होते, असे आम्हांला सुचवायचे नाही. सेहवागही पुढे स्वतःच तारा झाला. त्याच्यासाठी आज अश्रू ढाळण्याचे कारण नाही. आम्हांला सांगायचे आहे ते आमच्याविषयी. आपला संताप कोणासाठी उसळतो आणि कोणाची शिक्षा आपल्या नजरेतून सहज निसटते, एवढेच त्या फलकाने आम्हांला शिकवायला हवे होते. ते शिकवले नाही, ह्याचा पुरावा म्हणजे तो कागद.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा एक सामना आमच्या मैदानावर झाला. आमच्या संघात एक चढाईपटू होता, दृष्ट लागावी असा. मध्यरेषा ओलांडून तो पलीकडे गेला की मैदानाभोवतीची गर्दी श्वास रोखून धरी. विद्यापीठाच्या संघात त्याची निवड होणार हे जवळजवळ ठरलेले. आणि डाव्या कोपऱ्यात एक रक्षक होता. त्याचे वडील रापणकर, घर समुद्राला टेकलेले. हा मुलगा पहाटे दोर ओढायला जाई आणि अकराच्या तासाला आमच्या वर्गात मागच्या बाकावर अर्धवट झोपेत बसे. बोलायला अगदी कमी. मैदानात मात्र चढाईपटूला कोणी अनावश्यक दाबले की हा त्याच्यापाशी जाऊन नुसता उभा राही. तेवढे पुरे होई.

त्या दिवशी पुरले नाही. प्रतिपक्षाने आमच्या चढाईपटूचा घोटा धरून पकड केली. शिट्टी झाली तरी पकड क्षणभर सुटली नाही, आणि घोटा मुरगळला. चढाईपटूने मोकळा झालेला दुसरा पाय उचलून पकडणाऱ्याच्या छातीत लाथ घातली. पकडणाऱ्याचा साथीदार चढाईपटूच्या अंगावर धावला. एवढ्यात डाव्या कोपऱ्यातला आमचा मुलगा पोचला होता. त्याच्या ठोशाने त्या साथीदाराचा ओठ फाटला आणि एक दात पडला.

चौकशीसाठी तिघांची समिती नेमली गेली. त्यांत आम्ही दोघे होतो. साक्षी घेतल्या, आणि लाथ आधी पडली हे तीन जणांनी सांगितले. विद्यापीठाची निवडचाचणी आठवड्यावर आली होती. कोणीही आमच्यावर दबाव आणला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दबावाची गरजच पडली नाही. चढाईपटू वाचला पाहिजे हे आम्हां तिघांनाही न बोलता कळले होते. फक्त ते कागदावर कसे उतरवायचे एवढाच प्रश्न होता, आणि मराठी आमचा विषय म्हणून मसुदा आमच्याकडे आला.

आम्ही लिहिले : 'पकडीतून सुटण्याच्या प्रयत्नात चढाईपटूचा पाय प्रतिस्पर्धी खेळाडूस लागला.' आणि पुढच्या ओळीत : 'त्यानंतर डाव्या कोपऱ्यातील खेळाडूने प्रतिस्पर्ध्यास हेतुपुरस्सर ठोसा मारला.'

ही दोन वाक्ये आम्ही आजही व्याकरणाच्या तासाला उदाहरण म्हणून देऊ शकू, इतकी ती नमुनेदार आहेत. पहिल्या वाक्यात माणूस कोणालाच मारत नाही. 'पाय लागतो', जसा दाराचा उंबरा लागतो. पाय कर्ता आहे, पायाचा धनी केवळ षष्ठीत आहे. दुसऱ्या वाक्यात मात्र कर्ता तृतीयेचा प्रत्यय लावून ठळकपणे उभा आहे, क्रियापद सकर्मक आहे, आणि हेतू दाखवायला क्रियाविशेषणही आहे. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष. एकाच मिनिटातल्या दोन माणसांच्या दोन कृती. एकीला आम्ही अपघाताचे व्याकरण दिले, दुसरीला अपराधाचे. शिक्षा त्या व्याकरणातून आपोआप निघाली. चढाईपटूला तोंडी समज. कोपरारक्षकाला वर्षभर संघातून बंदी आणि वर्तणुकीच्या दाखल्यावर शेरा.

त्याचे वडील एकदाच भेटायला आले. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "माझ्या झिलान हात उचललान, ह्या खरा. पण पयलो पाय कोणी उचललान, ह्या तुमी इचारलास काय?"

आम्ही विचारले होते. उत्तरही आम्हांला मिळाले होते. तसे सांगण्याऐवजी आम्ही अहवालातले वाक्य वाचून दाखवले. ते ऐकून ते काही वेळ उभे राहिले आणि निघून गेले. प्रमाण मराठीतल्या त्या वाक्याशी त्यांना वाद घालता येणार नाही, हे आम्हांला ठाऊक होते आणि त्या क्षणी आम्हांला त्याचे हायसेच वाटले. मुलगा पुढच्या सत्रात आला नाही. चढाईपटूची विद्यापीठाच्या संघात निवड झाली; पुढे क्रीडाकोट्यातून सरकारी नोकरीही लागली. आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर त्याचे छायाचित्र आहे.

ताऱ्यांना नेहमीच सूट मिळते असे मुळीच नाही. १९५५ साली बोस्टनमधल्या सामन्यात पंचावर हात टाकल्याबद्दल माँट्रियलच्या मोरिस रिशार या लाडक्या खेळाडूला उरलेल्या हंगामासाठी काढून टाकले गेले; शहरात दंगल उसळली, पण शिक्षा मागे घेतली नाही. २००८ साली श्रीशांतला थप्पड मारणाऱ्या हरभजनसिंगला आयपीएलचा उरलेला हंगाम गमवावा लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे ह्या दोन वेळच्या विजेत्याने, निर्णय न पटल्याने पंचांना लाथ मारली, तेव्हा त्याच्यावर तीन वर्षांची बंदी घातली गेली. त्या कुस्तीचा निर्णय बरोबर की चूक ह्यावर पुष्कळ वाद झाला; पण लाथेला कोणी 'पाय लागला' म्हटले नाही. म्हणजे नियम लावता येतो. 'व्यवस्थाच तशी आहे' हे आमचे जुने समर्थन म्हणूनच टिकत नाही. व्यवस्थेने आमच्या हातात कोरा कागद दिला होता. वाक्ये आमची होती.

आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे, की त्या मुलाने दात पाडला हे तर खरेच. त्याला शिक्षा व्हायलाच हवी होती. दुसऱ्याचे म्हणणे, की व्हायला हवी होती ती दोघांना, आणि एकाची दुसऱ्याच्या खात्यावर लिहिली गेली. ह्यावर आम्ही अनेकदा बोललो आहोत. बोलता बोलता एवढे दोघांनाही पटले आहे की त्या खोलीत आम्ही गुन्हा मोजलाच नव्हता. कोणाची आपल्याला किती गरज आहे ते मोजले होते. बर्फावरच्या हॉकीतला व्यवहार कितीही क्रूर असला, तरी तिथे राखणदाराला त्याचे काम ठाऊक असते, आणि त्याचा मोबदला मिळतो. गावातल्या राखणदारालाही वर्षातून एकदा नारळ आणि कोंबडा दिला जातो, त्याचा मान चुकला तर गाव घाबरते. आम्ही त्या मुलाकडून राखण करून घेतली आणि मानाऐवजी शेरा दिला.

ह्या ऑक्टोबरात तो भेटला. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव सुरू व्हायचा होता. टोपल्या उतरवून घेणाऱ्या माणसाने "सर, मॅडम, नमस्कार" म्हटले आणि आम्ही चमकलो. आता तो एका ट्रॉलरवर तांडेल आहे. अंगाने भरला आहे, केस कानांपाशी पांढरे झाले आहेत. मुले किती, कुठल्या शाळेत, असे चार शब्द झाले. मग त्याने विचारले, "तो खंय असता ओ आता?" कोण, हे विचारावे लागले नाही. आम्ही सांगितले. तो म्हणाला, "खेळाचो मात्र झकास. त्येचो तो घोटो पुरो बरो झालो काय? तेव्हा लय मुरगाळलेलो."

त्या अहवालाविषयी काही बोलावे म्हणून आमच्यातल्या एकाने सुरुवात केली; पण लिलावाची पहिली हाक झाली आणि तो टोपल्यांकडे वळला. जाताना एक सुरमई आमच्या पिशवीत टाकली आणि पैसे घेतले नाहीत.

तो कागद महाविद्यालयाच्या कुठल्यातरी कपाटात अजून असेल. तो बदलण्याचा अधिकार आता आम्हांला नाही. त्यातली दोन वाक्ये निदान इथे तरी दुरुस्त करून लिहितो :

'शिट्टी झाल्यानंतर चढाईपटूने प्रतिस्पर्ध्यास लाथ मारली. त्याच्या रक्षणासाठी धावलेल्या डाव्या कोपऱ्यातील खेळाडूने दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यास ठोसा मारला.'

समितीचे दोन सदस्य. सही दोघांचीही.